जोते आणि फळी यांमधील फट : लाकडी घरांच्या निगेचा एक दुर्लक्षित प्रश्न

साष्टी बेटाच्या वायव्य टोकावर, एका अंगाला अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगाला वसईची खाडी अशा भूभागावर मीरा-भाईंदर वसले आहे. भाईंदर, मीरा, काशी, घोडबंदर आणि नवघर या ग्रामपंचायतींचे क्षेत्र एकत्र करून १९८५ साली येथे नगरपरिषद स्थापन झाली. पुढे उत्तन, डोंगरी, राई-मुर्धे ही गावेही तीत आली आणि २००२ साली तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या आठ लाखांहून अधिक भरली. उंच इमारतींच्या या शहरात जुनी गावठाणे अद्याप टिकून आहेत. उत्तन, डोंगरी, राई, मुर्धे या भागांत कोळी, आगरी आणि ईस्ट इंडियन समाजाची वस्ती आहे. तेथील जुन्या बांधणीत लाकडी सांगाडा, त्यात कुडाची किंवा विटांची भिंत आणि काही घरांच्या माडीला, पडवीला अथवा जाळी ठेवण्याच्या खोपटाला फळ्यांचे आवरण असा प्रकार आढळतो. अशीच घरे मनोरी-गोराईपासून खाली कोकणात सर्वत्र पाहावयास मिळतात.

या घरांचे आयुष्य किती, हे छपराइतकेच आणखी एका जागेवर अवलंबून असते. भिंतीची सर्वांत खालची फळी जेथे दगडी जोत्याला भेटते, ती ही जागा होय. तेथे बहुधा एक फट असते. ती पाहून कोणी तीत सिमेंट भरतो, कोणी चिंध्या कोंबतो, कोणी डांबर ओततो. हेतू चांगला असतो. परंतु अशा उपायाने घर वाचण्याऐवजी लवकर कुजते, असा अनुभव अनेकदा येतो. फट बुजवावी की ठेवावी, या साध्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे नीट समजून घेणे आवश्यक आहे.

फटीचे तीन प्रकार

फळीखालची प्रत्येक फट हा दोष नव्हे. जाणत्या सुताराने मुद्दाम सोडलेली फट हा पहिला प्रकार. फळीची खालची कड दगडाला टेकू नये, तेथे पाणी साचू नये आणि आतली हवा खेळती राहावी, म्हणून तो बोटभर जागा मोकळी ठेवीत असे.

दुसरा प्रकार लाकडाच्या स्वभावामुळे निर्माण होतो. लाकूड हवेतील ओलावा घेते व सोडते. त्यामुळे ते रुंदीत फुगते आणि आकसते. लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. वीस सेंटिमीटर रुंदीची सागवानी फळी भर पावसाळा आणि उन्हाळा यांच्या दरम्यान दोन-तीन मिलिमीटर कमीजास्त होऊ शकते. आडव्या बसविलेल्या फळ्यांखाली वैशाखात दिसणारी बारीक फट श्रावणात नाहीशी होते, ती यामुळेच. या हालचालीला वाव न ठेवता फट घट्ट भरली, तर पावसाळ्यात फुगलेली फळी वाकते किंवा खिळे उपटते.

तिसरा प्रकार खऱ्या चिंतेचा होय. खालची फळी किंवा तिच्या आतील आडवी तुळई कुजली, वाळवीने पोखरली, अथवा जोत्याचा एखादा दगड खचला, म्हणजे जी फट पडते ती रोगाचे लक्षण असते. ती वरून बुजविणे म्हणजे दाह झालेल्या जखमेवर नुसती पट्टी बांधणे होय.

अरुंद फट पाणी ओढते, रुंद फट पाणी सोडते

या विषयातील मुख्य शास्त्रीय तत्त्व केशाकर्षणाचे आहे. दोन पृष्ठभाग अगदी जवळ आले की त्यांमधील पाणी गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वर चढते. दिव्याच्या वातीत तेल चढते, त्यामागील तत्त्व हेच. दोन स्वच्छ काचांमध्ये एक मिलिमीटर अंतर असेल, तर पाणी सुमारे दीड सेंटिमीटर वर चढते. अंतर एक-पंचमांश मिलिमीटर केले, तर ते सुमारे सात सेंटिमीटर चढते. अंतर दहा मिलिमीटर असेल, तर चढण जेमतेम दीड मिलिमीटर राहते. म्हणजे जी फट डोळ्यांना क्षुल्लक वाटते, तीच अधिक पाणी वर खेचते. आणि जी बोटभर रुंद दिसते, तिच्यातून पाणी खाली गळून जाते व उरलेला ओलावा वाऱ्याने सुकतो.

याला दुसऱ्या एका गोष्टीची जोड मिळते. लाकडातील सूक्ष्म नळ्या खोडाच्या लांबीच्या दिशेने असतात. त्यामुळे करवतीने कापलेल्या टोकातून लाकूड जितके झपाट्याने पाणी शोषते, तितके ते फळीच्या सपाट अंगातून शोषत नाही. उभ्या बसविलेल्या फळ्यांची खालची टोके आणि खांबांचे पाय ही म्हणूनच सर्वांत नाजूक स्थाने ठरतात. जमिनीवर आपटून उडणाऱ्या पावसाच्या थेंबांचा मारा नेमका याच पट्ट्यावर होतो. मुंबई-ठाणे किनारपट्टीवर वर्षाकाठी साधारणपणे २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, हे लक्षात घेतले म्हणजे या माऱ्याची कल्पना येईल.

लाकूड कुजविणारी बुरशी ओलाव्याशिवाय जगू शकत नाही. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांखाली राहिले, तर ती वाढत नाही. लाकूड भिजणे हा धोका नव्हे. भिजून ते न सुकणे हा धोका आहे. भिजलेली फळी आठवडाभरात वाळत असेल, तर ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. सिमेंटच्या थरामागे अडकून जी महिनोन्‌महिने ओली राहते, ती काही पावसाळ्यांतच हाताने कुस्करता येते.

होडीचा न्याय घराला नको

किनाऱ्यावरील लोकांना फळ्यांचे सांधे भरण्याची कला परकी नाही. लाकडी होडीच्या सांध्यात कापसाची वात ठासून वर राळ व तेल यांचा लेप देण्याची पद्धत जुनी आहे. हीच हातोटी घराच्या फळीला लावण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु होडी आणि घर यांचे धर्म भिन्न आहेत. होडीचे अंग पाण्यात असते, तिच्या फळ्या भिजून फुगतात आणि सांधे घट्ट होतात. तिला पाणी आत येऊ द्यावयाचे नसते. घराच्या फळीला मात्र आलेले पाणी बाहेर जाऊ द्यावयाचे असते.

जुन्या लोकांना हा भेद ठाऊक होता. पावसाळ्याच्या तोंडाशी घराच्या पश्चिमेच्या अंगाला झावळ्यांचे झाप बांधण्याची कोकणातील पद्धत याचा उत्तम पुरावा आहे. झाप पावसाचा मार झेलतो. झाप आणि भिंत यांमध्ये हवा खेळते. खालची बाजू मोकळी असल्याने पाणी निथळून जाते. आज झापाच्या जागी प्लास्टिकचा कागद आला. तो भिंतीला चिकटवून, खालच्या कडेला विटांनी दाबून बांधला, म्हणजे बाहेरचा पाऊस अडतो खरा, पण आतील दमट हवेचे पाणी कागदावर जमून फळीवरच उतरते. प्लास्टिक वापरावयाचेच असेल, तर ते बांबूच्या चौकटीवर भिंतीपासून वीतभर दूर बांधावे आणि त्याची खालची कड मोकळी ठेवावी.

लाकूड जमिनीपासून अलग ठेवण्याचा धडा जगात इतरत्रही शिकला गेला. नॉर्वेमध्ये आरंभीच्या काळात लाकडी चर्चचे खांब जमिनीत पुरीत असत. ते कुजून गेले. पुढील बांधणीत खांब दगडांवर ठेवलेल्या आडव्या तुळयांवर उभारले गेले. बाराव्या शतकातील उर्नेस येथील लाकडी चर्च आजही उभे आहे. आपल्याकडील खांबाखालचा तळखडा हेच कार्य करतो.

तपासणी कशी करावी

तपासणीस दिवाळीनंतरचा काळ योग्य. त्या वेळी पावसाची लक्षणे ताजी असतात आणि दुरुस्तीला कोरडे महिने हाताशी असतात. पुढील गोष्टी घरच्या घरी करता येतील.

१. रात्री घराबाहेर तळाशी विजेरी धरून आतून पाहावे. उजेड कोठे आत येतो, यावरून फटींची जागा व लांबी कळते.

२. खालच्या फळीवर व खांबाच्या पायाशी पेचकसाचे टोक दाबून पाहावे. निरोगी लाकडात ते शिरत नाही. कुजलेल्या लाकडात सहज घुसते. लाकडी मोगरीने ठोकल्यास पोकळ फळीचा आवाज बद्द येतो.

३. जोत्यावरून फळीकडे चढणाऱ्या मातीच्या बारीक नळ्या दिसतात काय, हे पाहावे. जमिनीतील वाळवीचा तो मार्ग असतो.

४. भिंतीच्या बाहेरील अंगावर तांब्याभर पाणी सोडून ते कोठे थांबते, हे पाहावे. जोत्याचा माथा बाहेरच्या बाजूस उतरता नसेल, तर पाणी फळीखालीच रेंगाळते.

५. बाहेरील जमिनीपासून फळीच्या खालच्या कडेची उंची मोजावी. ती किमान पंधरा ते वीस सेंटिमीटर असावी. अधिक असेल तितके उत्तम.

दुरुस्तीचा क्रम

प्रथम फटीत भरलेले सिमेंट, चिंध्या, माती काढून टाकावी आणि तो भाग काही आठवडे उघडा ठेवून वाळू द्यावा. नंतर कुजलेला भाग कापावा. कूज डोळ्यांना दिसते त्याच्याही पुढे पसरलेली असते, म्हणून निरोगी दिसणारा वीतभर भागही काढावा. उभी फळी असेल, तर सर्व फळ्या एका रेषेत कापून खाली एक आडवी फळी बसविणे सोयीचे पडते. ती कुजल्यास तेवढीच बदलता येते. वरच्या फळीची टोके या फळीच्या बाहेरून खाली उतरावीत, म्हणजे पाणी आत न जाता बाहेर गळेल. दोहोंच्या मधला सांधा उतरता ठेवावा.

नवे लाकूड वाळलेले असावे आणि कापलेल्या प्रत्येक टोकाला बसविण्यापूर्वीच संरक्षक द्रव्य पाजावे. बसविल्यानंतर तेथे ब्रश पोहोचत नाही. या क्षेत्रात भारताचे कार्य मोठे आहे. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी १९३३ साली तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या संयुगांचे मिश्रण लाकूड टिकविण्यासाठी शोधून काढले आणि ते जगभर वापरले गेले. आर्सेनिक विषारी असल्याने अनेक देशांनी राहत्या घरांसाठी त्याचा वापर पुढे मर्यादित केला. आर्सेनिकऐवजी बोरॉनची संयुगे असलेले मिश्रण घरासाठी अधिक बरे. केवळ बोरॅक्स व बोरिक आम्ल यांचे द्रावण पावसाने धुऊन जाते. ते आतील लाकडाला वापरावे, किंवा बाहेर वापरल्यास त्यावर रंगाचे हात द्यावेत. असे द्रव्य पाजलेल्या लाकडाचे तुकडे चुलीत कधीही जाळू नयेत.

जोत्याचे सांधे चुना-वाळूच्या मसाल्याने भरावेत आणि जोत्याचा माथा बाहेरच्या अंगाला उतरता करावा. फळीच्या आत, जोत्यावर, जस्तलेपित पत्र्याची पट्टी बसवावी. तिचा आतील भाग फळीमागे वर वळवावा आणि बाहेरील कड जोत्यापुढे थोडी खाली वाकवावी. फळीची खालची कड आणि ही पट्टी यांमध्ये दहा ते बारा मिलिमीटर मोकळी जागा ठेवावी. फळीच्या तळाशी, कडेपासून थोडे आत, एक लहान आडवी खाच कोरावी. कडेने आत सरकणारा थेंब तेथे अडतो आणि गळून पडतो. खिळे जस्तलेपित, शक्यतो स्टेनलेस स्टीलचे असावेत. समुद्र आणि मिठागरे यांच्या सान्निध्यात साधा लोखंडी खिळा लवकर गंजतो, गंजताना फुगतो आणि फळी चिरतो.

मोकळी फट आणि नको असलेले पाहुणे

येथे एक आक्षेप निघेल आणि तो रास्त आहे. फट मोकळी ठेवावी, तर उंदीर, घुशी व साप आत येणार नाहीत काय? उंदराचे पिल्लू सहा-सात मिलिमीटरच्या फटीतूनही शिरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर मुंबई परिसरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून हा रोग पसरतो. उंदरामागे साप येतो, हेही सर्वविदित आहे. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला दंश करते. तिच्या दंशाची वेदना इतकी अल्प असते की झोपेतील मनुष्याला पुष्कळदा ती जाणवतही नाही. ज्या घरात मुले जमिनीवर अंथरुणे टाकून झोपतात, तेथे फळीखालच्या फटीचा प्रश्न केवळ लाकडाचा राहत नाही.

यावर उपाय फट बुजविण्याचा नसून ती जाळीने राखण्याचा आहे. सहा मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची, न गंजणारी जाळी पट्टीच्या आकारात कापून फळीच्या मागे घट्ट ठोकावी व तिचे खालचे टोक जोत्याच्या मसाल्यात रुतवावे. हवा जाते, पाणी निथळते, प्राणी मात्र अडतो. जाळीत पालापाचोळा अडकतो, तो पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर ब्रशाने काढावा. भिंतीलगत सरपण, कौले किंवा जुनी जाळी रचू नयेत. सर्पदंशाची शंका आल्यास जखम कापू नये, करकचून दोरी बांधू नये; रुग्णाला निश्चल ठेवून तत्काळ रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी लस उपलब्ध आहे आणि वेळेत मिळाल्यास ती प्राण वाचविते.

वाळवीसाठी भारतीय मानक ६३१३ मध्ये बांधकामाची रचना, बांधकामापूर्वीची प्रक्रिया आणि उभ्या इमारतीवरील प्रक्रिया असे तीन भाग दिलेले आहेत. एकेकाळी सर्रास वापरली जाणारी आल्ड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर ही द्रव्ये आता भारतात बंद आहेत. जुना साठा कोणी देऊ केल्यास तो घेऊ नये. विहिरीजवळ कोणतेही कीटकनाशक जमिनीत सोडू नये. सर्वांत स्वस्त उपाय मात्र डोळ्यांचा आहे. जोते उघडे व स्वच्छ असले, म्हणजे वाळवीची नळी चढताना दिसते आणि वेळीच मोडता येते. जोत्याला माती, कुंड्या किंवा फरशी भिडवून ते झाकले, म्हणजे ती दिसत नाही.

रस्ता चढतो, जोते बुडते

वरील सर्व काळजी घरमालक घेऊ शकतो. एक कारण मात्र त्याच्या हातात नाही. रस्त्याची दुरुस्ती करताना जुना थर न काढता नवा थर टाकला जातो. काही वर्षांत रस्ता वीतभर, हातभर चढतो आणि ज्या जोत्यावर आजोबा पाय सोडून बसत, ते रस्त्याच्या पातळीला येते. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे जोते भोवतालच्या जमिनीपासून किमान पंचेचाळीस सेंटिमीटर उंच असावे. बांधताना ते तसे असते. पुढे भोवतालची जमीनच वर येते. मग पावसाचे उडते पाणी थेट फळीवर आदळते, गटाराचे पाणी फटीतून आत शिरते आणि मालक नाइलाजाने ती फट सिमेंटने बंद करतो. तेथून घराच्या ऱ्हासास प्रारंभ होतो. घर जुने झाले म्हणून पडले, असे आपण म्हणतो. वस्तुतः ते पुरले गेलेले असते.

म्हणून ग्रामपंचायत व नगरपालिका यांच्या सभासदांनी आणि अभियंत्यांनी गावठाणातील रस्त्याच्या अंदाजपत्रकात जुना थर खरवडून काढण्याची बाब अवश्य धरावी, कामापूर्वी दोन्ही बाजूंच्या जोत्यांची उंची नोंदवावी आणि पाण्याचा उतार घरांपासून दूर राहील, हे पाहावे. या नोंदीस एका दिवसाहून अधिक श्रम पडत नाहीत.

शाळेसाठी दोन प्रयोग

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज शिकविता येईल. काचेचे दोन तुकडे घेऊन एका कडेला मध्ये आगकाडी ठेवावी, दुसरी कड भिडवून रबराने बांधावी आणि ते रंगीत पाण्याच्या बशीत उभे करावेत. जेथे अंतर कमी, तेथे पाणी उंच चढते, हे मुले स्वतः पाहतील. दुसऱ्या प्रयोगासाठी एकाच फळीचे दोन सारखे तुकडे घ्यावेत. एकाच्या कापलेल्या टोकाला मेण लावावे, दुसऱ्याचे तसेच ठेवावे. दोन्ही तुकडे त्या टोकांवर पाण्यात उभे करून दुसऱ्या दिवशी त्यांचे वजन करावे. त्यानंतर मुलांना आपापल्या घराच्या जोत्याची उंची मोजून आणण्यास सांगावे. गावाची एक उपयुक्त नोंदवही आपोआप तयार होईल.

३ जून २०२० चे ‘निसर्ग’ आणि १७ मे २०२१ चे ‘तौक्ते’ या चक्रीवादळांनी किनाऱ्यावरील घरांची कठोर परीक्षा घेतली. ज्या खांबाचा पाय आधीच कुजलेला असतो, तो अशा वाऱ्यात प्रथम कोलमडतो. तो पाय आज सहज तपासता येतो. वादळाचा इशारा आल्यावर तो बदलता येत नाही. यंदा दिवाळीची आवराआवर करताना प्रत्येक घराने आपल्या फळीखाली एकदा विजेरी धरून पाहावे. जी फट घराला श्वास देते ती जाळी लावून जपावी, आणि जी कुजीमुळे पडली आहे तिची दुरुस्ती पुढील पावसापूर्वी पुरी करावी.